इंधनटाकीचाही इतिहास असतो

१/ १५ ऑक्टोबर १९८२. ७८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी आपल्या १९३२च्या कराची–मुंबई टपाल-उड्डाणाची पुनरावृत्ती केली. इतिहासात वैमानिक उरला. सुमारे अर्धशतक जुन्या त्या ‘लेपर्ड मॉथ’ची टाकी उड्डाणयोग्य राखणारे हात मात्र विस्मृतीत गेले.

२/ वास्तविक जुन्या विमानाची कसोटी टाकीतच लागते. कंपनांनी सांधे चिरतात, साचलेल्या पाण्याने तळ गंजतो. गळती रोखण्यासाठी आतून लेप फिरवतात. पण इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये काही जुने लेप सुटतात, गाळणी तुंबते आणि इंजिन हवेतच बंद पडू शकते.

३/ म्हणून लेपावर लेप चढवणे म्हणजे दुखणे झाकणे. जुना लेप काढून सांधा नव्याने जोडणे, हीच खरी दुरुस्ती.

४/ जेआरडी ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये उड्डाण शिकले, त्याचे प्रशिक्षण पुढे नरडाण्याच्याच जिल्ह्यात, धुळ्याला आले. खानदेशातील तरुण अभ्यासकांनी यंत्रज्ञांच्या दुरुस्ती-नोंदवह्याही वैमानिकांच्या आठवणींइतक्याच आस्थेने जपाव्यात. विमान दालनात टांगले, की त्याचा आकार टिकतो. ते उडते ठेवण्याचे कसब केवळ नोंदींतून आणि हातांतूनच टिकते.