स्वस्त तिकीट, महाग प्रवास



जनरलचं तिकीट स्वस्त, हे खरं. पण कपाशीचा उत्पादनखर्च काढताना आपण नुसते बियाण्याचे पैसे मोजत नाही. प्रवासाचा हिशेबही तसाच पुरा मांडला पाहिजे.

जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस एकेकाळी आपल्या तालुक्यातल्या अडगाव-हिवरखेडवरून जायची. मीटर गेजची, संथ. धुळघाटात चारच्या आकड्यासारखा वळसा घेणारी. पण अजमेर, इंदूर, नांदेड, हैदराबाद एकाच रुळावर होतं. ओंकारेश्वरला निघालेल्या म्हातारीलाही हीच वाट आणि मेळघाटातून कामाला उतरणाऱ्या कोरकू मजुरालाही हीच.

जानेवारी २०१७ मध्ये अकोला-खंडवा मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अकोला-अकोट गाडी सुरू झाली आणि अकोटलाच थांबली. आता तेल्हाऱ्याच्या माणसाने खंडव्याला रेल्वेने जायचं तर आधी एस.टी.ने अकोला, मग भुसावळचा फेरा. गाडी चुकली की रात्र फलाटावर आणि उद्याची मजुरी बुडाली. हा खर्च तिकिटावर छापलेला नसतो. भरतो मात्र आपणच.

मेळघाटातल्या वाघाशी आपलं भांडण नाही. जंगलाला वळसा घालून हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून मार्ग नेण्याचं ठरलं. त्यात आपलीच गावं येतात. मग काम रेंगाळायचं कारण नाही. प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून खासदारांच्या हाती द्यावा: मार्ग पुरा करा, लांब पल्ल्याची गाडी सोडा, तिला जनरलचे डबे भरपूर लावा. वातानुकूलित डबे धुऱ्यावरून पाहत बसण्यासाठी आपल्याला रूळ नकोत.