हळदीची गोळी घ्यायची, पण विचारून!

गेल्या महिन्यात इंदूरहून मावशीचा फोन आला. "अगं, तू आरोग्याच्या पानावर लिहितेस ना? मग सांग बघू, ही हळदीची गोळी घ्यायची की नाही?"

मावशीचे गुडघे गेली कित्येक वर्षे दुखताहेत. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागते. आईचे हाल बघवेनात म्हणून मुलाने 'करक्युमिन'ची बाटली मागवून दिली. मावशीचे म्हणणे एवढेच, "हळद तर आपण रोज आमटीत घालतो. त्यात विचारायचे ते काय?"

विचारायचे बरेच होते. कारण मावशीच्या हृदयात स्टेंट बसवलेला आहे आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती रोज गोळ्या घेते.

आमटीतली हळद आणि बाटलीतली गोळी

हळदीला पिवळा रंग देणारे मुख्य द्रव्य म्हणजे करक्युमिन. आपल्या डब्यातल्या हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असते. म्हणजे चहाचा चमचाभर, सुमारे ३ ग्रॅम हळद घेतली, तरी त्यात करक्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच. गोळीत मात्र बहुधा ९५ टक्के शुद्ध अर्क असतो. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून चार-पाच चमचे हळदीतले द्रव्य एकदम पोटात जाते. तेव्हा स्वयंपाकातली हळद निर्धोक म्हणून गोळीही निर्धोक, असा हिशेब करता येत नाही.

गुण येतो का?

गुडघ्यांच्या झिजेमुळे होणाऱ्या दुखण्यात काहीजणांना आराम पडतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क घेणाऱ्यांना चार आठवड्यांत जवळजवळ आयबुप्रोफेनइतकाच आराम पडला, आणि पोटदुखीची तक्रार कमी राहिली. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ७० जणांवर १२ आठवडे झालेल्या अभ्यासात (२०२०) दुखणे कमी झाले; मात्र गुडघ्यातली सूज आणि कूर्चेची स्थिती यांत फरक पडला नाही. थोडक्यात, दुखणे थोडे हलके होऊ शकते, झिजलेला सांधा नवा होत नाही.

सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडत असतील, बोटांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो संधिवाताचा दुसरा प्रकार असू शकतो. अशा वेळी गोळीवर वेळ न दवडता आधी डॉक्टरांना दाखवावे. संधिवाताचे औषध चालू असेल तर ते परस्पर बंद करू नये.

बाटली घेताना काय पाहाल?

*अर्क की पूड?* लेबलवर 'करक्युमिनॉइड्स' किती मिलिग्रॅम हे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसतेच 'हळद पावडर ५०० मिलिग्रॅम' असेल तर त्यात करक्युमिन फार तर १०-२५ मिलिग्रॅम निघेल. तेवढी हळद घरच्या डब्यातूनही मिळते!

*मिरी आहे का?* करक्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरते. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातील पायपरिन फक्त २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा हे प्रमाण सुमारे वीसपट वाढले. म्हणूनच पुष्कळ गोळ्यांत मिऱ्याचा अर्क असतो. पण पायपरिनमुळे फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या इतर काही औषधांचे रक्तातले प्रमाणही वाढते. रोज औषधे घेणाऱ्यांनी हा शब्द लेबलवर आवर्जून शोधावा.

*परवाना आहे का?* पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर 'एफएसएसएआय'चा १४ अंकी क्रमांक हवा. औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, अशी सूचनाही तिच्यावर असते. आयुर्वेदिक औषध असेल तर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक पाहावा. 'पंधरा दिवसांत गुडघे बरे' असे वचन देणारी बाटली दुकानातच ठेवलेली बरी.

कोणी जपावे?

रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. पित्ताशयात खडे असलेले, मधुमेहावर औषधे घेणारे आणि अंगात लोह कमी असलेले यांनीही आधी विचारावे. गर्भवतींनी गोळीच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. या गोळ्यांमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली तसा इशारा दिला. जास्त शोषली जाणारी किंवा जास्त मात्रेची गोळी घेणाऱ्यांना हा धोका अधिक असू शकतो. असे क्वचितच घडते, पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली किंवा अंगाला खाज सुटली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावे. यकृताचा विकार आधीपासून असेल तर गोळी टाळलेलीच बरी.

ज्यांना डॉक्टरांची हरकत नाही, त्यांनी जेवणानंतर गोळी घ्यावी आणि दोन-तीन महिने पाहावे. उतार नसेल तर पैसे वाया घालवू नयेत.

मावशीचे काय झाले?

मावशी बाटली घेऊनच हृदयाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी लेबल वाचले आणि "तुमच्यासाठी नको" म्हणून सांगितले. मावशी जरा हिरमुसली. मग त्यांनीच तिला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. आता ती सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करते, पाच आकडे मोजते आणि खाली ठेवते. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन एक किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हे ऐकल्यापासून तिने रात्रीचा भात निम्म्यावर आणला आहे.

परवा फोनवर म्हणाली, "अगं, कठडा अजून धरते, पण आता एका हाताने!" आणि हळद? ती आमटीत पूर्वीसारखीच पडते आहे.

वाचकहो, तुमच्याही घरात कोणी अशी बाटली आणली असेल, तर झाकण उघडण्याआधी लेबल वाचा. आणि डॉक्टरांकडे जाताना ती पिशवीत टाकायला विसरू नका.