यंत्रातंत्रातल्या गोष्टी : सुकाणू नसलेली होडी

मंडळाच्या उन्हाळी सहलीला लेक समॅमिशच्या काठी जमलो की अलीकडे एक बदल जाणवतो. पूर्वी गाडीच्या डिकीतून भेळेचे डबे आणि क्रिकेटच्या बॅटी निघायच्या. आता दोन-तीन गाड्यांच्या मागे ट्रेलरवर बोटी असतात, आणि त्यांत एखादी तरी जेट बोट असतेच. यंदा तिघाचौघांनी मला बाजूला घेऊन एकच तक्रार सांगितली, "सर, बोट म्हणावी तशी वळत नाही. काय बिघडलं असेल?" मी तीस वर्षं द्रवयांत्रिकी शिकवली असल्यामुळे उत्तर माझ्या खिशातच असेल, अशी त्यांची समजूत. उत्तर देतो, पण त्याचा शेवटचा भाग माझ्या फजितीचा आहे, तो शेवटीच सांगेन.

आधी यंत्र समजून घेऊ. माझं आजोळ विजयदुर्गचं. वाघोटणच्या खाडीत मामाच्या होडीत बसायचो तेव्हा सुकाणू धरायचा मान मला मिळे. वल्ही थांबवली तरी होडी पुढे सरकत असेपर्यंत सुकाणू काम करी, कारण पाणी त्याच्या फळीवरून वाहत असे. जेट बोटीला सुकाणू नाही आणि बाहेर फिरणारा पंखाही नाही. तिच्या बुडाशी, मागच्या बाजूला एक जाळी असते. तिथून पाणी आत ओढलं जातं, इंपेलर त्याला जोर देतो आणि मागच्या नळीतून ते फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. चाक फिरवलं की नळी वळते, आणि फवाऱ्याच्या उलट धक्क्याने बोट वळते. दिवाळीतलं भुईचक्र आठवा. दारू जळतेय तोवर ते फिरतं. दारू संपली की संपलं.

ही बोट उथळ पाण्यासाठी जन्मली. न्यूझीलंडच्या दगडगोट्यांच्या नद्यांत पंखे मोडायचे, म्हणून विल्यम हॅमिल्टन या शेतकरी-यंत्रज्ञाने १९५० च्या दशकात तिला आकार दिला. १९६० मध्ये त्याच्या बोटी कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध ग्रँड कॅनियन चढून गेल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून हिमालयाकडे निघाले. त्यांतल्या एका बोटीचं नाव 'गंगा' होतं. नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना थांबवलं. मी तेव्हा पवईला एम.टेक. करत होतो आणि त्या मोहिमेच्या बातम्या वसतिगृहात मोठ्याने वाचल्या जात.

आता तक्रारी, एकेक करून.

बोट सावकाश चालवताना नाक डावी-उजवीकडे भरकटतं. हा बहुतेक वेळा बिघाड नसतो, तो स्वभाव असतो. कमी वेगात फवारा क्षीण, आणि पाण्यात बोटीला धरून ठेवणारं फारसं काही नाही. नवखा माणूस चाक भराभर उलटसुलट फिरवतो आणि नाक आणखी भरकटतं. चाक थोडंच हलवा, बोटीला उत्तर द्यायला क्षणभर द्या. नळीला लावायचे पंख बाजारात मिळतात, त्यांनीही फरक पडतो.

इंजिन ओरडतं, पण बोट पळत नाही. पंपात पाण्याऐवजी हवा शिरते आहे किंवा पाणी कमी पडतं आहे. आपल्या लेक वॉशिंग्टन आणि समॅमिशमध्ये मिलफॉइल नावाचं पाणगवत माजलेलं असतं. ते जाळीवर बसलं की पंप उपाशी. पाणी कमी पडलं की पात्यांवरचा दाब इतका उतरतो की साध्या तापमानाला पाणी उकळून बुडबुडे होतात, आणि ते फुटताना पात्यांना खड्डे पाडतात. जाळी साफ करूनही तक्रार राहिली तर इंपेलर आणि त्याभोवतीची कडी यांतली फट तपासून घ्या. वाळू ओढून ती वाढते. इंजिन चालू असताना जाळीच्या जवळपास हात, दोरी किंवा मोकळे केस नेऊ नका. बहुतेक जेट बोटींना खरा न्यूट्रल नसतो. बोट जागेवर दिसली तरी आत इंपेलर फिरत असतो. आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, मग हात.

बोट एका बाजूला ओढते. आधी माणसं मोजा. चार काका उजवीकडे आणि दोन मुलं डावीकडे, तर दोष बोटीचा नाही. मग तळाशी पाणी साठलंय का पाहा. त्यानंतर रिव्हर्सचं झाकण, ज्याला इथे बकेट म्हणतात, ते पूर्ण वर गेलं आहे का पाहा. अर्धवट लोंबकळलं तर ते फवाऱ्याला धक्का देतं. शेवटी बोट ट्रेलरवर असताना चाक मधोमध ठेवून नळीही मधोमध आहे का बघा. चाक जड लागत असेल किंवा नळी हलायच्या आधी बरंच फिरत असेल, तर केबल गंजली किंवा सैल झाली आहे.

नाक घोड्यासारखं वरखाली उसळतं, तर मागचं वजन पुढे आणा. बोट थरथरते, तर इंपेलरमध्ये खडा अडकला आहे किंवा पातं वाकलं आहे. तसंच चालवत घरी येऊ नका.

आता फजिती. गेल्या उन्हाळ्यात मुलाची बोट मी चालवत होतो. शेजारी नात, मागे सून आणि मुलगा. वेग ताशी २५ मैल असेल. एकाएकी समोर, उभ्या फळीवर वल्हवणारी एक मुलगी आडवी आली. पन्नास वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो, तसा माझ्या हाताने थ्रॉटल पूर्ण मागे ओढला आणि चाक गरकन फिरवलं. बोट वळलीच नाही. सरळ गेली. त्या वेगात बोट सेकंदाला सुमारे ३७ फूट कापते. त्या मुलीने घाबरून पाण्यात उडी टाकली आणि आम्ही तिच्या फळीच्या पलीकडून, हाताच्या अंतरावरून गेलो. तिला काही झालं नाही. ती रडत होती, आणि मला तिची माफी मागायलाही नीट शब्द सुचेनात.

घरी येऊन मी मुलाला ठासून सांगितलं, "तुझ्या बोटीच्या स्टीअरिंगमध्ये दोष आहे." दुरुस्तीच्या दुकानात बोट दोन दिवस राहिली. मेकॅनिकने केबल, नळी, बकेट, इंपेलर सगळं पाहिलं आणि विचारलं, "चालवणाऱ्याने थ्रॉटल सोडला होता का?" मुलगा काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. ते जास्त लागलं.

फवारा नाही तर वळणं नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिलेलं. इंजिनाचे फेरे निम्मे केले तर जोर ढोबळमानाने पाव उरतो, हेही. डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. आणि आपल्या राज्यात १५ अश्वशक्ती किंवा त्यावरची बोट चालवायला बोटर कार्ड लागतं, पण १ जानेवारी १९५५ पूर्वी जन्मलेल्यांना त्यातून सूट आहे. माझा जन्म १९५१ चा. कायद्याने मला सूट दिली, तळ्याने दिली नाही.

सूट असूनही मी तो अभ्यासक्रम पूर्ण केला. मग एका शांत सकाळी मोकळ्या पाण्यात आम्ही तरंगती उशी टाकली आणि मुलाने मला शिकवलं : थोडा थ्रॉटल राखून वळ, आधी वळ, मग वेग उतरव. पहिल्या आठ-दहा वेळा हात मागेच जायचा. नात म्हणे, "आजोबा, अगेन." काही नव्या बोटींत थ्रॉटल सोडल्यावरही थोडं वळण मिळेल अशी सोय असते, पण ती तुमच्या बोटीत आहे का आणि किती चालते, हे उशीवरच पाहून घ्या, माणसावर नको. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवा. २६ फुटांखालच्या बहुतेक बोटींत वेगाने जाताना ती वापरणं १ एप्रिल २०२१ पासून संघीय कायद्याने बंधनकारक आहे.

तेव्हा मंडळी, बोट वळत नसेल तर जाळी पाहा, बकेट पाहा, केबल पाहा. पण त्याआधी आपला हात पाहा. आणि आमच्या वयाच्या मंडळींनो, मुलांनी किल्ली दिली तर आनंदाने घ्या. सोबत एक धडाही मागून घ्या. मागायला मला एक अपघात होता होता वाचावा लागला.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. पुढच्या उन्हाळ्यात काठावर भेटूच. उशी मी आणतो.