निळू फुले यांचा पाटील : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

१/ तरुण पिढीला निळू फुले ठाऊक आहेत ते मोबाइलवर फिरणाऱ्या मीम्समुळे. बाईला वाड्यावर बोलावणारा पाटील, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र हा पाटील हसण्यावारी नेऊ नये. १९६० नंतरच्या ग्रामीण महाराष्ट्रात सत्तेने कोणते रूप घेतले, हे जाणून घेण्याचे ते एक मोलाचे साधन आहे. त्याची कारणे या धाग्यात.

२/ प्रथम माणूस. नीळकंठ कृष्णाजी फुले हे पुण्याचे. राष्ट्र सेवा दलाच्या समाजवादी संस्कारात ते घडले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे माळीकाम केले. अभिनयाचे शिक्षण मिळाले ते सेवा दलाच्या कलापथकात आणि लोकनाट्यात. 'कथा अकलेच्या कांद्याची' या शंकर पाटील यांच्या वगनाट्याने त्यांचे नाव गावोगावी पोहोचवले.

३/ हा तपशील महत्त्वाचा आहे. वगातला सोंगाड्या राजाची आणि प्रधानाची फिरकी घेतो. त्यासाठी सत्ताधाऱ्याची चाल, त्याचे बोलणे, त्याचा माज त्याला बारकाईने न्याहाळावा लागतो. सत्तेकडे खालून पाहण्याची ही नजर घेऊन फुले चित्रपटात आले आणि तेथे त्यांना थेट सत्ताधाऱ्याच्याच आसनावर बसवण्यात आले. १९६८ च्या अनंत माने दिग्दर्शित 'एक गाव बारा भानगडी' मधील झेलेअण्णा ही त्याची सुरुवात.

४/ आता काळ पाहावा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. १९६२ च्याच कायद्याने महसुली पाटलाचे वतनी पद रद्द झाले. १९६७ च्या कायद्यानंतर पोलीस पाटील हा सरकारने नेमलेला माणूस झाला. म्हणजे पडद्यावर 'पाटील' गाजू लागला, तेव्हा पाटीलकीचा कायदेशीर आधार संपला होता.

५/ मग पडद्यावरचा हा पाटील कोण? वतन गेले, पण वाडा, जमीन आणि दरारा राहिला. त्याच वेळी नवी पदे निर्माण झाली : सरपंच, सभापती, कारखान्याचा चेअरमन. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी. पण पुढे अनेक ठिकाणी जुना दरारा आणि नवे पद एकाच घरात नांदू लागले. फुले यांनी साकारला तो हा संधिकाळातला माणूस.

६/ याचा सर्वोत्तम पुरावा म्हणजे 'सामना' (१९७५). लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल. यातला हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखाना आणि सारा परिसर मुठीत ठेवणारा सहकारसम्राट. तो आरडाओरडा करत नाही. दारुड्या मास्तरचा (डॉ. श्रीराम लागू) तो पाहुणचार करतो, त्याला आपला विकास अभिमानाने दाखवतो. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हा प्रश्न मास्तर विचारू लागतो, तेव्हा त्या विकासाखाली काय पुरले आहे ते दिसू लागते. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता.

७/ हिंदुराव निव्वळ दुष्ट असता, तर ते चित्रण इतिहासाच्या उपयोगाचे नव्हते. त्याने खरोखरच काही उभारले आहे, आणि म्हणूनच आपल्याला कोणी जाब विचारू नये असे त्याला वाटते. विकास आणि दहशत एकाच हातात असण्याची ही गुंतागुंत सरकारी अहवालात सापडत नाही. फुले यांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजात आणि अर्धवट हसण्यात ती सापडते.

८/ एक इशारा मात्र आवश्यक आहे. चित्रपट हे साधन आहे, पण ते तपासून घ्यावे लागते. 'सामना' नंतर व्यावसायिक चित्रपटांनी हाच पाटील पुनःपुन्हा वापरला आणि त्याची सत्ता बहुतांशी वासनेपुरती उरवली. कर्ज, पाणी, जात, मतपेटी यांवरचा ताबा मागे पडला. स्त्रीवरचा अत्याचार हा करमणुकीचा ठराविक प्रसंग झाला. आजचे मीम हे त्याच झिजलेल्या नाण्याची शेवटची नक्कल आहे. त्यावर हसताना त्या अत्याचाराचेही हसे होते, हे विसरता कामा नये.

९/ फुले या साच्यात मावणारे नव्हते. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' (१९७२) मध्ये त्यांनी पद नाही, जमीन नाही, तरीही घरापुरता राजा असलेला पुरुष उभा केला. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' मध्ये ते सत्तेने व्यथित झालेले गांधीवादी अप्पाजी झाले. 'सिंहासन' (१९७९) मधला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचा खेळ जवळून पाहतो आणि अखेर त्याचा मानसिक तोल ढळतो. सत्ता गाजवणारा, भोगणारा, पाहणारा : तिन्ही बाजू एकाच नटाने दाखवल्या.

१०/ पडद्याबाहेर हा माणूस अखेरपर्यंत चळवळींचा राहिला. सामाजिक कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी डॉ. लागूंसह नाटकाचे प्रयोग केले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते उभे राहिले. १३ जुलै २००९ रोजी ते गेले. त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' चा विषय होता शेतकऱ्यांच्या आत्महत्या.

११/ महाराष्ट्राच्या सहकाराचा आणि पंचायत राज्याचा इतिहास लिहिताना कायदे, ठराव आणि आकडे लागतातच. पण त्या सत्तेसमोर सामान्य माणसाला नेमके कसे वाटत होते, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती नोंद माळीकाम करून आलेल्या एका नटाने ठेवली आहे. पुढचे मीम पुढे पाठवण्याआधी 'सामना' एकदा सलग पाहावा, आणि हिंदुराव बोलत नसतो तेव्हा त्याच्या समोरची माणसे कशी उभी राहतात, तिकडे लक्ष द्यावे.