धुराड्याची काजळी आणि मोळीतली माती



गळीत हंगाम सुरू झाला की वाऱ्याच्या बाजूच्या वस्त्यांवर काजळी पडते. वाळत घातलेली धुणी काळी होतात, भाजीपाल्यावर थर बसतो. ही तक्रार रास्त आहे. परवा गटसभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, धुराला सिरॅमिकची गाळणी का बसवत नाही?" प्रश्न मोलाचा आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

घरच्या पाण्याच्या फिल्टरमधली पांढरी कॅंडल आपण पाहिली आहे. ही गाळणीही तशीच. आतून पोकळ, एका टोकाला बंद अशा नळ्या. तप्त धूर बाहेरून आत जातो, धूळ बाहेरच्या अंगाला बसते. ठरावीक वेळाने आतून दाबाच्या हवेचा झोत मारला की थर खाली गळतो. पॉलिएस्टरची पिशवी 130 अंशांच्या पुढे तग धरत नाही. सिरॅमिक 400 अंशांपलीकडेही टिकते. पण ते ठिसूळ. स्वीडनमधील वार्नामो येथे 1990 च्या दशकात लाकूडफाट्याचा गॅस करून वीज काढीत. तेथे अशा नळ्या फुटल्या आणि शेवटी धातूच्या बसवाव्या लागल्या.

आपल्या बॉयलरचा धूर पाणी व हवा तापवून बाहेर पडतो तेव्हा 150 अंशांच्या आसपास असतो. त्याला पाण्याचा स्क्रबर किंवा विजेवरचा ईएसपी पुरतो. केंद्राच्या 2016 च्या नियमाप्रमाणे धुराड्यातून दर प्रमाणित घनमीटरमागे 150 मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ जाता कामा नये. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, महागड्या नळ्यांचा विचार नंतर. आधी असलेले यंत्र रात्रपाळीतही नीट चालले पाहिजे, त्याचे फवारे चोंदता कामा नयेत. धुळीच्या तपासणीचे आकडे व्यवस्थापनाने सभासदांपुढे ठेवावेत.

आता आपली बाजू. चिखलाने भरलेल्या मोळीतली वाळू बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जाते, तेथील नळ्या झिजवते आणि राख वाढवते. पाचटातल्या पोटॅशमुळे राख चिकट होते. तेच पाचट रानात कुजवले तर जमिनीचे सोने होते. तेव्हा तोडणीच्या वेळी स्वतः फडात उभे राहा. बुडख्याची माती झाडून घ्या, वाढे व पाचट काढूनच मोळी बांधायला लावा.

काट्यावर माती घालून चार किलो वजन वाढेलही. पण तीच माती धुराड्यातून आपल्याच घरच्या धुण्यावर येऊन पडते, हे विसरू नका.

— ऊस विकास अधिकारी