वास्तुकलेचे 'नोबेल' आणि करंजाडेचे घर

दरवर्षी साधारणपणे मार्च महिन्यात वास्तुकलेच्या जगात एका घोषणेची वाट पाहिली जाते. 'प्रित्झकर' पुरस्कार या वर्षी कोणाला, हे त्या सुमारास जाहीर होते. हयात हॉटेलांच्या मालक असलेल्या अमेरिकेतील प्रित्झकर कुटुंबाने 1979 साली हा पुरस्कार सुरू केला. एक लाख डॉलर आणि ब्राँझचे पदक असे त्याचे स्वरूप. वास्तुकलेला नोबेल नाही, म्हणून यालाच 'वास्तुकलेचे नोबेल' म्हणण्याचा प्रघात पडला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याची एक चौकट येते, एखाद्या चकचकीत इमारतीचे छायाचित्र येते आणि दुसऱ्या दिवशी सारे विस्मरणात जाते. साहजिकच आहे. वन बीएचकेचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला या मानसन्मानांचे सोयरसुतक कशाला असावे?

पण पनवेलकरांना आता असे म्हणून चालणार नाही. 8 ऑक्टोबर 2025 रोजी ज्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून जिथून विमाने उडू लागली, त्याच्या टर्मिनलचा आराखडा झाहा हदीद यांच्या संस्थेचा आहे. इराकमध्ये जन्मलेल्या हदीद या प्रित्झकर मिळवणाऱ्या पहिल्या महिला. हा मान त्यांना 2004 साली मिळाला. 2016 मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या नावाची लंडनमधील संस्था काम करीत राहिली आणि पनवेलच्या खाडीकाठी तिने कमळाच्या कल्पनेवर बेतलेले टर्मिनल रेखाटले. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची ये-जा सामावून घेईल, एवढा त्याचा आवाका आहे.

या टर्मिनलपासून हाकेच्या अंतरावर करंजाडे आहे. सिडकोने आखलेली, पनवेलला लागून असलेली ही वसाहत. लहान लहान भूखंड, त्यांवर खांबांवर उचललेल्या इमारती, खाली वाहने, वर चार मजले आणि प्रत्येक खिडकीला लोखंडी जाळी. टर्मिनल कोणी रेखाटले, हे शाळकरी मुलेही सांगतील. आपली इमारत कोणी रेखाटली, हे मात्र तिथल्या रहिवाशाला विचारले तर बहुधा बिल्डरचेच नाव ऐकायला मिळेल. यात रहिवाशाचा दोष नाही. घर ही कोणी विचारपूर्वक रचण्याची गोष्ट आहे, हा विचारच आपल्या व्यवहारातून बाद झाला आहे. आणि नेमका हाच विचार गेल्या दशकात मोठमोठ्या पुरस्कारांच्या केंद्रस्थानी आला आहे.

मनोऱ्यांकडून घरांकडे

पूर्वी प्रित्झकरचा मानकरी म्हणजे संग्रहालये, बँका आणि संगीतगृहे उभारणारा ख्यातकीर्त कलावंत, असे समीकरण होते. 2016 साली चिलीच्या अलेहांद्रो अरावेना यांची निवड झाली आणि वारे बदलल्याचे जाणवले. इकीके शहरातील झोपडपट्टीवासीयांसाठी सरकारी अनुदान तुटपुंजे होते. त्यात पूर्ण पण कोंदट घर बांधण्याऐवजी अरावेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या घराचा अवघड अर्धा भाग बांधून दिला. छप्पर, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर एवढे तयार. उरलेली अर्धी जागा मोकळी. पैसा येईल तसे कुटुंबाने घर वाढवावे.

2021 मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांना हा मान मिळाला. बोर्दो शहरातील जुन्या सरकारी इमारतींतील 530 घरे त्यांनी पाडली नाहीत. बाहेरच्या बाजूने खोल्यांएवढे प्रशस्त काचबंद सज्जे जोडले आणि तेही रहिवाशांना घराबाहेर न काढता. 'पुनर्विकास' हा शब्द आज नवी मुंबईत वाशीपासून पनवेलपर्यंत प्रत्येक जुन्या सोसायटीच्या सभेत घुमतो आहे. पाडणे हा एकच मार्ग नसतो, ही गोष्ट त्या सभांमध्ये निदान एकदा बोलली जायला हवी.

2022 चे मानकरी फ्रान्सिस केरे हे बुर्किना फासो या देशातील गांदो गावचे. आपल्या गावची शाळा त्यांनी गावकऱ्यांच्याच हातांनी मातीच्या विटांत बांधून घेतली आणि पत्र्याचे छप्पर भिंतींपासून वर उचलून ठेवले. गरम हवा वरून निघून जाते, वर्ग गार राहतो. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावरच्या गच्चीखाली दिवस काढणाऱ्या कोकणी माणसाला याचे मोल निराळे सांगायला नको. 2024 चे मानकरी जपानचे रिकेन यामामोटो. कुमामोटो येथील त्यांच्या वसाहतीत 110 घरे एका सामाईक हिरव्या चौकाभोवती बसवलेली आहेत आणि त्या चौकात घरांतूनच जाता येते. शेजार कसा घडतो, हाच त्यांच्या कामाचा विषय. 2025 मध्ये चीनच्या लिऊ ज्याकुन यांची निवड झाली. 2008 च्या सिचुआन भूकंपानंतर त्यांनी पडलेल्या घरांच्या राडारोड्यापासून, त्यात गव्हाच्या काडाचे तंतू मिसळून, पुन्हा वापरता येतील अशा विटा घडवल्या.

शेजारच्या देशांकडे पाहिले तरी हेच दिसते. ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे 1848 पासून दिले जाणारे सुवर्णपदक 2023 साली पाकिस्तानच्या यास्मीन लारी यांना मिळाले, ते पूरग्रस्तांसाठी बांबू, माती आणि चुन्याची घरे उभारण्याच्या कामामुळे. 2025 च्या आगाखान पुरस्कारांत बांगलादेशाच्या मरीना तबस्सुम यांच्या 'खुदी बाडी' या प्रकल्पाचा समावेश झाला. नदीने काठ गिळला की सुटे करून दुसरीकडे नेता येईल, असे हे बांबूचे छोटे घर.

अर्थात, पुरस्कारांनाही मर्यादा आहेत. 1991 साली प्रित्झकर रॉबर्ट व्हेंचुरी यांना दिला गेला. त्यांच्या पत्नी व बरोबरीच्या भागीदार डेनिस स्कॉट ब्राऊन यांना वगळून. ही चूक सुधारावी, या मागणीसाठी 2013 मध्ये जगभरातून सह्या गोळा झाल्या, तरी निर्णय बदलला नाही. शिवाय प्रित्झकर व्यक्तीला मिळतो. आगाखान पुरस्कार मात्र वास्तूला मिळतो. लोकांनी ती वापरायला सुरुवात केल्यानंतर परीक्षक प्रत्यक्ष जागेवर जाऊन ती कशी वापरली जाते हे पाहतात. घर विकत घेणाऱ्याने शिकावी अशी ही रीत आहे. रंगीत माहितीपत्रक पाहून ठरवण्यापेक्षा चार-पाच वर्षे जुन्या इमारतीत जाऊन, तिथे राहणाऱ्यांशी बोलून ठरवावे.

बेलापूरचे बीज

आता खरी नवलाची गोष्ट. वाढत जाणारे घर, सामाईक अंगण, हवेचा विचार हे सारे नवी मुंबईला परके नाही. किंबहुना ते इथे चाळीस वर्षांपूर्वीच करून पाहिलेले आहे.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 1960 च्या दशकात मुंबईच्या गर्दीला खाडीपलीकडे वाट करून देण्याची कल्पना मांडली. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि कोरिया नव्या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. पुढे 1980 च्या दशकात त्यांनी सीबीडी बेलापूरला जी वसाहत रचली, तिला आज आपण 'आर्टिस्ट्स व्हिलेज' म्हणून ओळखतो. सुमारे सहा हेक्टरांत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे. सात घरांचा एक गट आणि मध्ये 8 मीटर लांब, 8 मीटर रुंद अंगण. अशा तीन गटांना मिळून आणखी मोठे आवार. गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या भूखंडांत फारसा फरक नाही. 45 पासून 75 चौरस मीटरपर्यंत. शेजाऱ्यांची भिंत एक नाही, त्यामुळे ज्याला जमेल त्याने, जमेल तेव्हा, गावच्या गवंड्याकडून घर वाढवावे. अरावेनांच्या अर्ध्या घराच्या सुमारे दोन दशके आधीची ही गोष्ट.

कोरियांना 1984 साली ब्रिटनचे सुवर्णपदक मिळाले, 1994 साली जपानचा 'प्रीमियम इम्पीरियाले' मिळाला, 1998 साली भोपाळच्या विधानभवनासाठी आगाखान पुरस्कार मिळाला. प्रित्झकर मात्र मिळाला नाही. 2015 मध्ये ते गेले. प्रित्झकर मिळवणारे पहिले भारतीय ठरले बाळकृष्ण दोशी, 2018 साली. दोशी पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले. इंदूरजवळची त्यांची 'अरण्य' वसाहत याच विचाराची. ओटा, न्हाणीघर आणि एखादी खोली यांपासून सुरुवात करून माणसाने आपले घर स्वतः वाढवत न्यावे. 1995 साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला होता.

मग करंजाडे असे का?

बीज इथलेच, मग पीक का आले नाही? याचे उत्तर वास्तुकलेपेक्षा जमिनीच्या इतिहासात आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे फळ म्हणजे साडेबारा टक्के भूखंडांची योजना. ती न्यायाचीच होती. पण भूखंड हाती आला तरी बांधायला पैसा नाही; म्हणून बिल्डरशी भागीदारी आणि भागीदारीत फ्लॅटची वाटणी. जेवढे चौरस फूट नियमात बसतात तेवढे सगळे बांधायचे, हे मग ओघाने आलेच.

यात गमावले काय, ते एका हिशेबाने समजेल. समजा, 10 मीटर रुंद आणि 20 मीटर लांब असा भूखंड आहे आणि चारही बाजूंनी दीड मीटर जागा सोडायची आहे. म्हणजे 200 पैकी 81 चौरस मीटर जागा उघडी राहते. असे सात भूखंड घेतले तर उघडी जागा 567 चौरस मीटर. बेलापूरच्या सात घरांचे अंगण 64 चौरस मीटरचे. म्हणजे आपण जवळजवळ नऊ अंगणांएवढी जागा सोडतो, आणि तरीही मुलांना खेळायला रस्ताच उरतो! कारण ही जागा पट्ट्या-पट्ट्यांनी विखुरलेली असते. मधोमध कुंपणाची भिंत, एकीकडे पंप, दुसरीकडे पाण्याची टाकी, उरलेल्या ठिकाणी दुचाक्या. उजेडासाठी, वाऱ्यासाठी, अग्निशमनासाठी काही अंतर सोडावेच लागते, हे खरे. पण सातही भूखंडांची थोडी थोडी जागा एका ठिकाणी आणण्याची सोय आखणीतच नसेल, तर कितीही हुशार वास्तुरचनाकार आणला तरी तो काय करणार?

बेलापूरलाही सारे आलबेल नाही. तिथली अनेक बैठी घरे जाऊन उंच, भूखंड व्यापणारे बंगले आले आहेत. घर वाढू द्यायचे तर ते कुठवर, हा प्रश्न कोरियांच्या आराखड्याने पुरता सोडवलेला नव्हता. पण घरे बदलली तरी अंगणे टिकली, हेही तिथे जाऊन पाहता येते. घर कुटुंबाच्या हाती असते. अंगण आखणीने दिलेले असते, म्हणून ते टिकते.

ही चर्चा आज करण्याला एक कारण आहे. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी 2013 साली 'नैना' अधिसूचित झाले आणि नियोजनाचे काम सिडकोकडे आले. तिथे नगररचना परियोजनांच्या मार्गाने शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून, त्यांतील 40 टक्के विकसित भूखंडांच्या रूपाने परत देण्याची पद्धत आहे. जमिनी एकत्र येतात तेव्हाच अंगणेही एकत्र आणता येतात. एकदा भूखंडांच्या रेषा पडल्या की ती संधी गेली. कायद्याने या आराखड्यांवर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. शेतकरी तेव्हा आपला भूखंड कुठे आणि केवढा हे पाहतो, आणि ते त्याने पाहिलेच पाहिजे. पण त्याच अर्जात आणखी एक ओळ लिहायला कोणाची आडकाठी नाही: आमच्या सात-आठ भूखंडांमध्ये मिळून एक अंगण द्या. करंजाडेच्या मुलांना जे मिळाले नाही, ते पुढच्या वसाहतीतल्या मुलांना त्या एका ओळीने मिळू शकते.