वीज कुणावर पडते?



१६ एप्रिल २०२४ चा मंगळवार त्या वेळी दुबईत असलेल्या आपल्यापैकी कुणी विसरला असेल असे वाटत नाही. भर दिवसा आकाश हिरवट-काळे झाले आणि ऊद मेथापासून शारजापर्यंतचे रस्ते ओढ्यांसारखे वाहू लागले. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; १९४९ पासूनच्या नोंदींत अमिरातींमध्ये असा पाऊस दुसरा नाही. अमिरातींत किमान चार माणसे गेली. शेजारच्या ओमानमध्ये एकोणीसहून अधिक, आणि त्यांत पुराच्या लोंढ्यात वाहून गेलेली शाळकरी मुले होती.

त्यानंतर आठवडाभर आपल्या घराघरांत चर्चा झाली ती मात्र एकाच गोष्टीची: 'ढगांत मीठ फवारल्यामुळे हे झाले.' राष्ट्रीय हवामान केंद्राने त्या वादळात फवारणीची उड्डाणे केली नसल्याचे सांगितले. कुणी ऐकून घेतले नाही. वास्तविक कृत्रिम पावसाचे गणित आपल्याला सोलापूरवरून माहीत असायला हवे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) तेथे काटेकोर प्रयोग केले, आणि योग्य ढग निवडून फवारणी केल्यावर पाऊस सुमारे १८ टक्के वाढल्याचे त्यांना दिसले. अठरा टक्के! एवढ्याने वर्षा-दोन वर्षांचा पाऊस एका दिवसात पडत नाही. त्या दिवशीचे कारण अरबी द्वीपकल्पावरून सरकणाऱ्या मोठ्या वादळी प्रणालीत आणि उबदार समुद्रावरून आलेल्या बाष्पात होते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. हा एकोणिसाव्या शतकातला नियम आहे, त्यासाठी कुठलेही विमान लागत नाही.

पण या लेखाचा विषय पाऊस नाही. त्या दिवशी जी सतत कडाडत होती ती वीज, आणि तिच्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो ती नजर, हा विषय आहे. बुर्ज खलिफावर कोसळणाऱ्या विजेचे फोटो आपण सगळेच एकमेकांना पाठवतो. ८२८ मीटर उंचीची ती इमारत वीज अंगावर घेते, जमिनीत सोडते आणि आतल्या माणसाचा चहाचा कपही हलत नाही. त्याच विजेने भारतात २०२२ या एका वर्षात २,८८७ माणसे मारली. हा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे. नैसर्गिक आपत्तींनी त्या वर्षी जेवढे मृत्यू झाले त्यांतला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा एकट्या विजेचा. पूर आणि उष्माघात हे दोघेही तिच्या मागे. आणि तरीही वीज पडून मेलेल्या माणसाची बातमी जिल्हा पानावर चार ओळींत संपते, कारण ती एकेकट्याला मारते. कधीतरी जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळ जुलै २०२१ मध्ये झाले तसे होते, बुरुजावर फोटो काढणारी अकरा माणसे एकदम जातात, किंवा बिहारमध्ये २५ जून २०२० रोजी एकाच दिवसात ऐंशीहून अधिक, तेव्हाच ती पहिल्या पानावर येते.

या विषयावर वाचायला बसले की इंग्रजी मजकुरात टॉर्नेडो आणि वीज ही जोडी भेटते. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत टॉर्नेडोलाही चक्रीवादळ आणि 'निसर्ग'लाही चक्रीवादळच म्हणतात. यातून बराच गोंधळ होतो. टॉर्नेडो हा शे-दोनशे मीटर रुंदीचा, मिनिटांत संपणारा भोवरा असतो. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' शेकडो किलोमीटर पसरलेले होते आणि त्याची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागली होती. टॉर्नेडो आपल्याकडे होतच नाहीत असे मात्र नाही. जगातला सर्वांत प्राणघातक मानला जाणारा टॉर्नेडो अमेरिकेत झालेला नाही, तो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात झाला आणि त्यात सुमारे १,३०० माणसे गेली. ३१ मार्च २०२४ ला जलपायगुडीलाही फटका बसला. पण कोकणात, मराठवाड्यात किंवा इथे आखातात राहणाऱ्याने दरवर्षी ज्याचा हिशेब ठेवायला हवा तो धोका विजेचा.

मराठी मुलखात या धोक्यावर जुना खुलासा तयार आहे: वीज पायाळूवर पडते. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याने गडगडाटात बाहेर जाऊ नये. गावोगावी अजूनही ही समजूत आहे, आणि दुबईतल्या सुशिक्षित घरांतही ती हसत हसत सांगितली जाते. पूर्ण दिवस भरलेल्या दर शंभर गर्भांमागे तीन-चार तरी प्रसूतीच्या वेळी डोके वर असलेले असतात. म्हणजे महाराष्ट्रात असे जन्मलेले लक्षावधी लोक आहेत. वीज पडून मेलेला माणूस त्यांच्यातला निघाला की गाव वर्षानुवर्षे आठवण काढते. नसला की जन्माची चौकशीच कुणी करत नाही. समजूत टिकते ती अशी. छत्तीसगडमध्ये विजेने होरपळलेल्यांना शेणात पुरून ठेवल्याच्या बातम्या येतात, त्यातही हाच प्रकार, फक्त किंमत अधिक. विजेच्या धक्क्याने हृदय थांबते, कधी ते आपोआप पुन्हा सुरू होते पण श्वास बंदच राहतो. अशा माणसाला त्याच मिनिटाला छातीवर दाब आणि तोंडाने श्वास मिळाला तर तो वाचू शकतो. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते, त्याला हात लावायला काहीच हरकत नाही. अमेरिकेत विजेचा तडाखा बसलेल्या दहांपैकी नऊ जण जगतात.

मग खरोखर वीज कुणावर पडते? उत्तर जन्मपत्रिकेत नाही, सातबाऱ्यात आणि मजुरीत आहे. भारतातले विजेचे बळी बहुतांश खेड्यांतले, उघड्यावर काम करणारे आहेत. मृगात पेरणीला वाकलेले, ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात सोयाबीन झाकायला धावलेले, शेळ्या घेऊन माळावर गेलेले. पाऊस आला की ते झाडाखाली जातात, कारण दुसरा आडोसाच नसतो. झाडावर पडलेली वीज खोडातून बाजूला उडी मारते, नाहीतर जमिनीतून पसरते. दोन पायांच्या मधल्या अंतरात दाबाचा फरक पडतो आणि प्रवाह अंगातून जातो. गुरे अधिक मरतात ती त्यांचे पुढचे-मागचे पाय दूर असतात म्हणून. शेतातली पत्र्याची झोपडीही फारशी उपयोगाची नाही. तारा आणि नळ भिंतीत असलेले पक्के घर सुरक्षित, आणि बंद मोटार सुरक्षित, तीही रबरी टायरमुळे नव्हे तर धातूच्या टपामुळे.

अमेरिकेचा इतिहास इथे बोलका आहे. १९४० च्या दशकात तेथे दरवर्षी तीनशेहून अधिक माणसे विजेने मरत. आज तो आकडा वीसच्या आसपास किंवा कमी आहे. लोकसंख्या अडीचपट झाली, विजा काही कमी झाल्या नाहीत. फ्लोरिडात टॅम्पाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मित्रांना उन्हाळ्यातली रोजची दुपार विचारून पाहा. बदलले ते एवढेच की माणसे उघड्या शेतातून निघाली, पक्क्या घरांत राहू लागली आणि प्रथमोपचार शिकली.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वीज कोसळणे ही राज्याने स्वतःच्या अखत्यारीत जाहीर केलेली आपत्ती आहे आणि मृताच्या वारसांना चार लाख रुपये मिळतात. आयआयटीएमने २०१४ मध्ये महाराष्ट्रात वीस संवेदक बसवून सुरुवात केली, पुढे जाळे देशभर पसरले आणि २०१८ मध्ये 'दामिनी' अ‍ॅप आले. ते आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता काही मिनिटे आधी दाखवते. शास्त्रज्ञांनी आपले काम चोख केले. पण खुरपणाऱ्या बाईचा फोन बहुधा घरी मुलाकडे असतो, आणि असलाच जवळ तरी तो ती चिखलाच्या हाताने बघणार केव्हा? इशारा शेवटच्या पाचशे मीटरवर अडतो.

ते अंतर कापायला फार पैसा लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवून टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, मुलांनी अभ्यास करावा म्हणून. ज्या भोंग्यावर गाव मोबाईल खाली ठेवते त्याच भोंग्यावर गाव शेतातून परतू शकते. प्रश्न भोंग्याचा नाहीच, परतल्यावर त्या दिवसाची मजुरी मिळते का हा आहे. मुकादम अर्धा रोज कापणार असेल तर आभाळ फाटले तरी कुणी हलत नाही.

आणि इथे अमिरातींतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची कामे बंद ठेवण्याचा नियम इथे २०२४ मध्ये विसाव्या वर्षात आला. तो पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. साडेतीन वाजता जुलैतले ऊन काही सावली होत नाही. वादळाच्या दिवशी आपल्याला घरून काम करता येते आणि रखवालदाराला येत नाही, हेही आपण पाहिले आहे. तरीही आभाळाच्या धोक्यापायी काम थांबले पाहिजे आणि ते थांबवणे मालकाचे कर्तव्य आहे, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात आहे. ज्या राज्याने देशाला रोजगार हमी दिली त्या महाराष्ट्रात विजेसाठी असा नियम का नसावा? गडगडाट ऐकू आला की काम बंद, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बंद, मजुरी पूर्ण. निदान सरकारी पैशातून चालणाऱ्या कामांवर तरी हे एका आदेशाने होऊ शकते.

ऊद मेथातल्या पुढच्या मासिक बैठकीत या मागणीचे निवेदन आपण नक्की करणार आहोत. आपल्यापैकी ज्यांचा गावच्या ग्रामपंचायतीशी अजून संबंध आहे त्यांनी तोवर दोन गोष्टी विचारून याव्यात: गावात भोंगा आहे का, आणि तो वाजवण्याची जबाबदारी कुणाची आहे. छातीवर दाब कसा द्यावा हे दाखवायला आपल्यातल्या दोन डॉक्टर भगिनी तयार आहेत. सतरंजी मात्र कुणीतरी आणावी, मागच्या वेळी ती राहिली होती.